लेख कोणासाठी? मराठीत ऑनलाइन लिहू लागलेल्यांना वाचक कसा सापडतो

नव्याने ऑनलाइन लिहिणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: लेख चांगला जमला होता, पण वाचला कोणी नाही. आकडे उघडले की पहिल्या दिवशी चाळीस-पन्नास जण येऊन गेलेले दिसतात आणि त्यातले निम्मे नातेवाईक, उरलेले जुने वर्गमित्र. तिसऱ्या दिवसापासून शुकशुकाट. दोष पुष्कळदा लेखाचा नसतो. हा लेख ज्याच्या उपयोगाचा तो माणूस कोण, तो केव्हा शोधायला बसेल आणि शोधताना कोणते शब्द टाकेल, हे लिहिण्याआधी ठरवलेलेच नसते.

खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. उदाहरणे नाशिक जिल्ह्यातली, मुख्यतः द्राक्षबागेची आणि थोडी सिंहस्थ कुंभमेळ्याची आहेत. तुमचा विषय भरतकाम असो, गडकिल्ले असोत की स्पर्धा परीक्षा, कामाची पद्धत हीच राहते.

पायरी १: वाचक एका वाक्यात लिहून काढा

"मराठी वाचक", "तरुण वर्ग", "शेतकरी बांधव" ही उत्तरे चालणार नाहीत. शेतकरी म्हटले की सुरगाण्याचा भात लावणारा आला, येवल्याचा कांदेवाला आला आणि दिंडोरीचा निर्यातदार बागायतदारही आला. तिघांना एकच लेख उपयोगी पडत नाही. वाक्यात चार गोष्टी हव्यात: माणूस कोण, तो केव्हा शोधतो, कशात अडला आहे आणि वाचून झाल्यावर त्याला काय करायचे आहे.

नमुना असा: "निफाड-दिंडोरी पट्ट्यात दोन-तीन एकर द्राक्षबाग असलेला माणूस. ऑक्टोबर छाटणी झाली आहे, दुपारी पाऊस झाला आहे. रात्री जेवणानंतर मोबाइलवर डाऊनी या द्राक्षाच्या बुरशीजन्य रोगाबद्दल शोधतो आहे. उद्या सकाळी बागेत गेल्यावर नेमके काय पाहायचे, हे त्याला आज ठरवायचे आहे."

एवढे लिहिले की लेखातून काय गाळायचे ते आपोआप कळते. द्राक्ष भारतात कुठून आले, नाशिकला द्राक्षनगरी का म्हणतात, या मजकुराला या माणसाच्या रात्रीत जागा नाही. तो मजकूर वाईट नाही; त्याचा वाचक वेगळा आहे, कदाचित रविवारी सकाळी चहा घेत वाचणारा. त्याच्यासाठी वेगळा लेख लिहा.

दुसरा नमुना: "२०२७ च्या सिंहस्थासाठी अकोल्याहून आईवडिलांना घेऊन येणारा मुलगा. नाशिक कधी पाहिलेले नाही. तिकिटे काढण्याआधी कुठे उतरायचे आणि कुठे राहायचे ते ठरवायचे आहे." या मुलाला नाशिकरोड स्टेशन आणि पंचवटी यांच्यात आठ-दहा किलोमीटरचे अंतर आहे हे माहीत नाही. स्नानाची दोन ठिकाणे, रामकुंड नाशकात आणि कुशावर्त त्र्यंबकेश्वरला, मध्ये सुमारे तीस किलोमीटर, हेही माहीत नाही. नाशिकचा माणूस लिहायला बसला की "सीबीएसवरून सरळ", "रविवार कारंजाच्या अलीकडे" असे लिहून मोकळा होतो. त्याला ते इतके ओळखीचे असते की समजावून सांगायला हवे हे सुचतच नाही. म्हणून वाक्यात "नाशिक कधी पाहिलेले नाही" हे शब्द मुद्दाम घालायचे आणि लेख होईपर्यंत ते वाक्य डोळ्यांसमोर ठेवायचे.

एका साइटवर दोन-तीन प्रकारचे वाचक असू शकतात. एका लेखात मात्र एकच.

इथली नेहमीची चूक म्हणजे लिहिणाऱ्यांसाठी लिहिणे. सुरुवातीला प्रतिक्रिया देतात ते बहुतेक स्वतः लिहिणारेच असतात. "ओघवती शैली", "छान मांडलंत" असे ऐकले की लेखणी त्यांच्याकडे वळते. बागायतदार मात्र कधी प्रतिक्रिया देत नाही. तो वाचतो आणि बागेत जातो. गप्प राहणाऱ्या वाचकाला विसरायचे नाही.

पायरी २: सहा ते आठ जणांशी बोला

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात जास्त फळ हीच देते. सहा-आठ माणसे पुरतात. तेवढ्यांत त्याच अडचणी, तेच शब्द पुन्हा ऐकू येऊ लागतात. आठव्या माणसाकडूनही सगळेच नवीन ऐकायला मिळाले, तर पहिल्या पायरीतला वाचक फार मोठा धरला आहे असे समजा आणि तो आणखी लहान करा.

मित्र आणि घरचे यात धरू नका. ते तुम्हाला दुखावणार नाहीत, म्हणून त्यांची उत्तरे कामाची नसतात.

कुठे भेटायचे हे विषयावर ठरते. पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या बाजार समितीत लिलाव चालू असताना कोणाला अडवू नये; त्या वेळी माणसाचे लक्ष भावावर असते. लिलाव होऊन वजन आणि हिशेबपट्टी व्हायची असते तेव्हा लोक ट्रॅक्टरजवळ थांबलेले असतात, तेव्हा सवडीने बोलतात. कृषी सेवा केंद्रात संध्याकाळी गर्दी असते, पण दुकानदाराची परवानगी घेऊनच उभे राहावे. वाचनसंस्कृती, इतिहास असा विषय असेल तर १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात येणारे लोक उत्तम. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहायचे असेल तर अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्राच्या दिवशी गाठा. नोकरी करून शिकणारा माणूस इतर दिवशी भेटत नाही.

विचारायचे ते घडून गेलेल्या गोष्टीबद्दल:

"दादा, मागच्या छाटणीनंतर पाऊस झाला तेव्हा सगळ्यात आधी कोणाला विचारलंत?"

"मोबाइलवर शोधलं का? काय टाकलं होतं? आत्ता टाकून दाखवता का?"

"जे सापडलं त्यात काय कळलं नाही?"

"मग शेवटी काय केलं?"

"असा लेख आला तर वाचाल का?" हा प्रश्न टाळाच. त्याला सगळेच म्हणतात, "हो हो, लिहा ना भाऊ, चांगलं काम आहे." या हो-मधून काही हाती लागत नाही. माणसे भविष्याबद्दल सौजन्याने बोलतात, भूतकाळाबद्दल खरे बोलतात.

"आत्ता टाकून दाखवता का?" हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. मग दिसते की निम्मे लोक टाइप करतच नाहीत, माइकचे चिन्ह दाबून बोलतात. काही जण मराठी शब्द रोमन लिपीत टाकतात. काही जण गूगलवर जातच नाहीत, थेट यूट्यूब उघडतात. तुमचे सगळेच वाचक यूट्यूबवर निघाले, तर लेखापेक्षा तीन मिनिटांचा व्हिडिओ करणे शहाणपणाचे ठरेल, हेही इथेच कळते.

वहीत तीन रकाने करा. पहिल्यात माणसाचे शब्द जसेच्या तसे. ते शुद्ध मराठीत बसवू नका. दुसऱ्यात ही अडचण केव्हा आली ते. तिसऱ्यात आज तो उत्तर कुठून मिळवतो ते. तिसरा रकाना म्हणजे तुमची स्पर्धा. कृषी सेवा केंद्राचा माणूस दोन मिनिटांत फुकट सल्ला देत असेल तर त्याच प्रश्नावर बाराशे शब्द लिहून उपयोग नाही. पण दुकानदार औषध विकतो, म्हणून फवारणी कधी नको हे त्याच्याकडून सहसा कळत नाही. तिथे तुमच्या लेखाला जागा आहे.

नावे आणि फोन नंबर लेखासोबतच्या टिपणात ठेवू नका, कोणाचे बोलणे नावानिशी छापायचे असेल तर आधी विचारा, आणि बागेचा फोटो काढतानाही विचारा. गावात एकदा विश्वास गेला की पुढच्या हंगामात कोणी बोलत नाही.

पायरी ३: वाचकाचे शब्द गोळा करा

वहीतले शब्द घ्या आणि गूगलच्या खिडकीत एकेक टाकून पाहा. हे काम ब्राउझरच्या खासगी खिडकीत करावे, नाहीतर तुम्ही आधी शोधलेल्या गोष्टींचा परिणाम सूचनांवर होतो. "द्राक्ष डाऊनी" टाकून एक जागा सोडा आणि थांबा; खाली येणाऱ्या सूचना उतरवून घ्या. मग पुढे क, ख, न, प अशी एकेक अक्षरे देत जा, सूचना बदलतात. हेच रोमन लिपीत करा. निकालांच्या पानावर "लोक हेही विचारतात" अशी चौकट आली तर त्यातले प्रश्न घ्या. एका विषयाला अर्धा तास पुरतो.

शासकीय पत्रकांत ज्याला "केवडा" म्हणतात त्याला बागायतदार "डाऊनी" म्हणतो. शीर्षकात डाऊनी, मजकुरात एकदा केवडा, एवढे पुरे. हाच न्याय "भुरी" (हाही बुरशीचा रोग), "फुगवण" (मणी मोठे होणे), "डिपिंग" (घड द्रावणात बुडवणे), "घड जिरणे" (कोवळा घड नाहीसा होणे) या शब्दांना. वाचकाच्या तोंडी जो शब्द आहे तो शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात यावा. तोच शब्द दर ओळीत कोंबला तर वाचणाऱ्याला कंटाळा येतो आणि शोधयंत्रालाही ती लबाडी कळते.

गूगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून शब्दांची तुलना करता येते. तिथला ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या सांगत नाही. निवडलेल्या काळात त्या शब्दाचा शोध सर्वाधिक होता तो क्षण १०० धरून बाकीचे मोजलेले असते. "कांदा भाव" अशा मोठ्या शब्दाचा हंगामी चढउतार पाहायला ते छान. लहान शब्दाला "पुरेशी माहिती नाही" असा शेरा येतो. म्हणून तो विषय निरुपयोगी ठरत नाही. नवख्याने खरे तर अशाच लहान, नेमक्या प्रश्नांपासून सुरुवात करावी. "आजचा कांदा भाव" यावर मोठी वृत्तपत्रे आणि बाजारभावाची अ‍ॅप रोज मजकूर टाकतात. तिथे तुमचा लेख पाचव्या पानावर जाऊन बसेल. पण "कमाल, किमान आणि सर्वसाधारण भावातला फरक काय आणि माझ्या मालाला यातला कोणता लागू" हा प्रश्न विचारणाऱ्याला धड उत्तर मिळत नाही.

"नाशिकची मिसळ" या विषयाचेही तसेच. त्यावर लिहिण्याची हौस प्रत्येक नव्या लेखकाला येते. लिहायचेच असेल तर कोणी न दिलेली माहिती द्या: सोमवारी कुठे बंद असते, चारचाकी कुठे लावता येते, लहान मुलांना झेपेल इतका कमी तिखट रस्सा मागितल्यावर मिळतो का.

पायरी ४: वाचकाचे पंचांग मांडा

वाचक वर्षभर सारखा शोधत नसतो. बारा महिन्यांचा एक कागद करा आणि त्यावर त्याच्या अडचणी मांडा. द्राक्षाचे ठोकळमानाने असे: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी बहाराची छाटणी (हीच ऑक्टोबर छाटणी), त्यानंतरच्या आठवड्यांत पाऊस झाला तर डाऊनीचा धसका, पुढे थंडीत भुरी आणि मण्यांची फुगवण, जानेवारी ते एप्रिल काढणी आणि व्यापाऱ्याशी व्यवहार. उन्हाळ कांद्याची काढणी साधारण मार्च ते मे, आणि लगेच कांदाचाळीत साठवायचे की विकायचे हा प्रश्न.

लेख त्या वेळेच्या चार ते सहा आठवडे आधी तयार हवा. नव्या साइटचे पान गूगलच्या नोंदीत यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि नोंदीत आले तरी लगेच वर दिसत नाही. पाऊस झाल्यावर डाऊनीचा लेख लिहायला घेतला तर तो वाचकाला पुढच्या वर्षी सापडेल.

सिंहस्थाच्या वाचकाचेही टप्पे असतात. राहण्याची सोय तो महिनोन्महिने आधी शोधतो. गाडी कुठे लावायची, किती चालावे लागेल, हे आदल्या दोन-चार दिवसांत शोधतो. पहिला लेख लवकर लिहून ठेवता येतो. दुसऱ्यातली माहिती प्रशासन जाहीर करते आणि बदलतेही, म्हणून त्यात "ही माहिती अमुक तारखेपर्यंतची" असे वरच लिहायला हवे आणि ती तारीख खरी ठेवायला हवी.

दिवसातली वेळ विचारूनच कळते. बागायतदाराची सकाळ बागेत जाते. सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या माणसाची वेळ त्याच्या पाळीवर ठरते. "रात्री नऊला टाका" असे सरसकट नियम कोणी सांगितले तर ऐकून सोडून द्यावेत.

पायरी ५: लेख उत्तरापासून सुरू करा

शीर्षकात पहिल्या पाच-सहा शब्दांत वाचकाचा प्रश्न दिसला पाहिजे. मोबाइलवर पुढचे कापले जाते. "द्राक्षशेती: एक आव्हान" हे शीर्षक भाषणाला ठीक आहे. "छाटणीनंतर पाऊस झाला: डाऊनीसाठी बागेत काय पाहावे" हे वाचून माणूस बोट टेकवतो. शीर्षकात जे कबूल केले ते लेखात असलेच पाहिजे. "हे वाचून थक्क व्हाल" छापाच्या शीर्षकाने एकदा क्लिक मिळतो, पण तोच माणूस पुन्हा तुमचे नाव पाहून पुढे सरकतो.

पहिल्या साठ-सत्तर शब्दांत उत्तराचा गाभा द्या. पाने उलटून खालच्या बाजूला पाहा, पिवळसर तेलकट ठिपक्याखाली पांढरी वाढ आहे का बघा, वेलीच्या पानांची दाट छत्री आणि पाणी साठलेली जागा इथून सुरुवात करा, असे थेट. कारणे नंतर. "सगळे आधीच सांगितले तर पुढे कोण वाचेल?" ही भीती नव्यांना वाटते. अनुभव उलटा आहे: पहिल्या परिच्छेदात कामाचे काही मिळाले की वाचक उरलेल्या लेखावर भरवसा ठेवतो.

परिच्छेद मोबाइलच्या पडद्यावर सात-आठ ओळींपेक्षा मोठा होऊ देऊ नका. उपशीर्षके वहीतल्या प्रश्नांमधूनच घ्या. एकके वाचकाची वापरा: क्षेत्र एकर-गुंठ्यात, कांद्याचा भाव क्विंटलला, द्राक्षाचा किलोला. हेक्टरमध्ये लिहिले तर प्रत्येक जण गुणाकार-भागाकार करत बसेल आणि त्यात चुकेल.

औषधांच्या मात्रेबद्दल मात्र सावध. ऐकीव प्रमाण लिहू नये, दुसऱ्याच्या लेखातून उचलू नये. कोणते औषध कोणत्या पिकावर चालते आणि फवारणी व काढणी यांत किती दिवस जायला हवेत, हे औषधाच्या लेबलवर असते. निर्यातीच्या बागेत औषधाचा मालात उरलेला अंश मर्यादेबाहेर गेला तर माल नाकारला जातो. द्राक्षासाठी मांजरी, पुणे येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू शिफारशी पाहाव्यात आणि वाचकालाही तिकडेच पाठवावे. आरोग्य, पैसे, कायदा या विषयांतही हीच शिस्त. वाचक ओळखायचा म्हणजे तो तुमच्या शब्दावर विसंबून काय करून बसेल, हेही ओळखायचे.

लेख झाला की वहीतल्या एखाद्याला मोबाइलवर वाचायला द्या आणि गप्प बसा. तो कुठे थांबतो, कुठे मागे जातो, कुठे भराभर सरकवतो, ते पाहा. "कसा वाटला?" असे विचारू नका. "आता उद्या काय कराल?" असे विचारा. त्याला सांगता आले नाही तर लेख पुन्हा लिहायचा आहे.

पायरी ६: मराठी मजकुराच्या तांत्रिक खाचा

इथे चांगले चांगले लेख अडकतात.

जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवू नका. तो मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांचा असतो, फक्त फॉन्टमुळे देवनागरी दिसतो. दुसऱ्याच्या मोबाइलवर त्याची निरर्थक अक्षरे होतात आणि शोधात तो कधीच सापडत नाही. प्रेसमधून आलेले जुने लेख आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मोबाइल-संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, रूपांतरित करून घ्या आणि नंतर पूर्ण वाचून काढा. रफार, ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात.

युनिकोडमध्येही एकच अक्षर दोन रीतींनी साठवले जाऊ शकते. "ॲ" हे एकसंध अक्षर आहे, आणि अ, मध्ये न दिसणारे जोडचिन्ह आणि वर चंद्र असे मिळूनही तसेच दिसते. "शेतकऱ्यांना" मधला "ऱ्य" सुद्धा दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण साइटच्या स्वतःच्या शोधखिडकीत एक टाकले तर दुसरे सापडेलच असे नाही. सगळे लेख एकाच कीबोर्डवरून टाइप करावेत, म्हणजे ही भानगड कमी होते. दोघे-तिघे मिळून साइट चालवत असतील तर कीबोर्ड आधी ठरवून घ्या.

लेखाचा पत्ता, म्हणजे लिंक, रोमन लिपीत ठेवा. देवनागरी पत्ता कॉपी केला की बहुतेक ठिकाणी त्याची टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. एका देवनागरी चिन्हाची नऊ अक्षरे होतात. "द्राक्ष" या शब्दात युनिकोडची सात चिन्हे आहेत, म्हणजे एकट्या त्या शब्दाचीच त्रेसष्ट अक्षरे. अशी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर आली की लोक तिला फसवणूक समजतात आणि दाबत नाहीत. तीन-चार लहान रोमन शब्द पुरेत, आणि त्यात साल घालू नका.

अक्षरांचा आकार मोबाइलवर १८ पिक्सेलच्या आसपास, ओळींमधले अंतर अक्षराच्या १.६ ते १.८ पट. रोमनसाठी ठरवलेले अंतर मराठीला अपुरे पडते, कारण वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे मोफत फॉन्ट वाचायला सोपे आहेत. लिंकसोबत दिसणारे चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचे आणि ३०० केबीच्या आत ठेवा. फार जड चित्र कधी कधी व्हॉट्सअ‍ॅपवर उमटतच नाही. सुरगाणा-पेठच्या घाटात जिथे नेटवर्क एका काडीवर चालते, तिथे दोन एमबीचे पान उघडण्याची वाट कोणी पाहत नाही.

पायरी ७: वाचक जिथे आहे तिथे जा

वहीतला तिसरा रकाना पुन्हा काढा. लोक उत्तर जिथे शोधतात तिथे लेख गेला पाहिजे. ग्रामीण नाशकात ती जागा बहुधा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असते. ग्रुपात नुसती लिंक टाकू नका. कोणी प्रश्न विचारला असेल तर दोन ओळींत उत्तर द्या आणि सविस्तर हवे असल्यास म्हणून खाली लिंक द्या. रोज लिंक टाकणाऱ्याला अ‍ॅडमिन आधी समजावतो, मग काढतो. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश फक्त ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच पोचतो, हे पुष्कळांना माहीत नसते. मग "दोनशे जणांना पाठवला, वाचले दहा जणांनी" असे कोडे पडते.

कसमादे पट्ट्यासाठी, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागासाठी लिहीत असाल तर संदेशातली एखादी ओळ अहिराणीत आली तर चांगलेच, पण ती येत असेल तरच. उसनी अहिराणी तिथल्या माणसाला पहिल्या शब्दात कळते.

पायरी ८: आकडे वाचताना

सुरुवातीला गूगल सर्च कन्सोल एवढे एकच साधन पुरेसे आहे, आणि ते मोफत आहे. तुमचे पान कोणत्या शब्दांसाठी किती वेळा दिसले, किती जणांनी दाबले, सरासरी कितव्या क्रमांकावर होते, हे तिथे कळते. मागचे सोळा महिने पाहता येतात. साइट सुरू केल्या दिवशीच जोडून ठेवा, कारण जोडण्याआधीची माहिती सहसा मिळत नाही.

समजा, एक पान महिन्यात ९०० वेळा दिसले आणि १२ जणांनी दाबले. क्रमांक सरासरी सातवा असेल तर लोकांना पान दिसते आहे पण शीर्षक त्यांचे वाटत नाही. शीर्षक वहीतल्या शब्दांत बदला आणि तीन-चार आठवडे हात लावू नका. क्रमांक चाळिसावा असेल तर शीर्षकाला दोष देऊ नका. पान खोल कुठेतरी आहे, मजकूर वाढवायला किंवा प्रश्न आणखी नेमका करायला हवा. पान शंभर वेळासुद्धा दिसलेले नसेल तर कोणताही निष्कर्ष काढू नका.

शब्दांची यादी खालपर्यंत वाचा. तिथे एखादा असा प्रश्न दिसतो ज्याचे उत्तर तुम्ही लेखात दिलेलेच नाही, तरी गूगलने तुमचे पान दाखवले आहे. तो तुमचा पुढचा लेख. नव्या विषयांसाठी याहून स्वस्त खाण नाही.

गूगल अ‍ॅनालिटिक्स जोडले तर तिथल्या "एंगेज्ड" शब्दाने हुरळून जाऊ नका. भेट दहा सेकंदांहून अधिक टिकली की ती त्यात मोजली जाते, आणि दहा सेकंदांत कोणी लेख वाचत नाही. स्क्रोलची नोंद अधिक बोलकी, कारण ती नेहमीच्या मांडणीत पान नव्वद टक्के खाली गेल्यावर होते. तरीही लांब लेखात उत्तर वरच मिळाले म्हणून निघून गेलेला माणूस नाराज होता असे नाही. त्याचे काम झाले असेल.

हंगामी लेखाचे आकडे मागच्या महिन्याशी लावू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावा. डाऊनीचा लेख मार्चमध्ये झोपणारच.

आणि दरवर्षी नवा लेख लिहू नका. त्याच पानावर मजकूर दुरुस्त करा, वर "सुधारित" म्हणून तारीख घाला, शीर्षकात साल असेल तर ते बदला आणि पत्ता तसाच ठेवा. पत्ता बदलला की वर्षभरात मिळवलेले स्थान जाते, आणि ग्रुपांमध्ये फिरणाऱ्या जुन्या लिंक मरतात. दुरुस्तीला बसण्याची योग्य वेळ ऑगस्ट: छाटणी अजून सुरू व्हायची असते आणि वहीतल्या माणसांना फोन केला तर बोलायला सवड असते.